बैल तीन वर्षांचा की चार? आयर्लंडच्या जत्रांमधली काठ्यांची लढाई

शॅननकाठी

लिमरिकला आल्यापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज सवड मिळाली म्हणून धागा काढतो. लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. ऑफिसात शेजारी बसणारा गडी लिमरिकच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातला. घरी दुभत्या गाई आहेत. एकदा सँडविच खाता खाता म्हणाला, "आम्ही तीनवर्षी. बायकोकडचे चारवर्षी. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आजोबांनी आधी हेच विचारलं, मग चहा दिला." मला वाटलं शाळाप्रवेशाचं काहीतरी असेल. तसं नव्हतं. ही दोन फळ्यांची नावं आहेत. शे-दीडशे वर्षं झाली त्यांच्या काठ्या खाली ठेवून, पण कोण कुठल्या फळीतला हे अजून घराघरांत माहीत आहे.

गोष्ट अशी सांगतात. लिमरिक आणि टिपेररीच्या सीमेवर एका जत्रेत बैल विकायला आला. एक म्हणाला तीन वर्षांचा आहे, दुसरा म्हणाला चारचा. शब्दाला शब्द लागला, हात उठला, मग दोघांची भावकी धावली, मग गावं उतरली. पुढं दोन-तीन पिढ्या ‘थ्री इयर ओल्ड्स’ आणि ‘फोर इयर ओल्ड्स’ या नावांनी शेकड्यांनी माणसं एकमेकांची डोकी फोडत राहिली. 1860च्या दशकात धर्मगुरूंनी मधे पडून समेट घडवला. बैलाचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

हे एकट्या लिमरिकचं नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1840 पर्यंत आयर्लंडच्या दक्षिणेला, म्हणजे टिपेररी, लिमरिक, केरी, कॉर्क, क्लेअर, वॉटरफर्ड या भागात फळ्यांच्या मारामाऱ्या हा जत्रेचा भागच होता. गुरांचा बाजार, घोड्यांच्या शर्यती, संताच्या विहिरीवरची यात्रा (तिला ‘पॅटर्न’ म्हणायचे, गावाच्या रक्षक म्हणजे ‘पेट्रन’ संताच्या दिवसाची म्हणून), कधी कधी चक्क मयत. माणसं जमली की झालं. सकाळी विहिरीला प्रदक्षिणा, गुडघे टेकून प्रार्थना, दुपारी गुरांचे सौदे, मग व्हिस्की, आणि सूर्य कलला की काठ्या. क्रम सहसा चुकत नसे. आधी गुरं विकून घ्यायची, मग डोकं फोडून घ्यायचं.

मला सगळ्यात आवडलेला भाग आव्हान देण्याचा. त्याला ‘व्हीलिंग’ म्हणत. फळीचा म्होरक्या भर रस्त्यात येतो, काठी गरगर फिरवतो, स्वतःच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडतो आणि समोरच्याचं नाव घेऊन डिवचतो. कुणी अंगातला कोट काढून चिखलातून फरफटत न्यायचा: माझ्या कोटावर पाय ठेवायची कुणाची छाती आहे? ज्याला भांडायचं तो पुढं येऊन कोटाच्या शेपटावर पाय ठेवी. संपलं. इंग्रजीत मुद्दाम कुरापत काढण्याला ‘कोट फरफटत नेणं’ म्हणतात ते इथून आलंय. आपल्याकडं पायात पाय घालतात, इथं कोट घालायचे.

आता काठी. आयरिशमध्ये काठीला ‘बाता’ म्हणतात. (आपण बाता मारतो, हे बात्यानं मारत. एवढा एकच विनोद, माफ करा.) पर्यटकांच्या दुकानात जी ‘शिलेली’ म्हणून विकतात ती गुळगुळीत, वॉर्निश मारलेली. मूळ काठी ब्लॅकथॉर्नची. काळ्या सालीचं, लांब काट्यांचं झुडूप, शेताच्या कुंपणाला असतं आणि त्याला निळी, भयंकर आंबट फळं येतात. हिवाळ्यात, झाडात रस कमी असताना, मुळाच्या गाठीसकट तोडायची. गाठ म्हणजे डोकं फोडायचं टोक. लोणी किंवा चरबी चोपडायची आणि धुराड्यात महिनोन् महिने टांगून ठेवायची, म्हणजे ती वाळताना तडकत नाही आणि काळीभोर होते. काही जण गाठ पोखरून आत वितळलेलं शिसं ओतत. धरायची पद्धतही शिकण्यासारखी: टोकाला न धरता तळापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर धरायची, म्हणजे मुठीखालचा तुकडा कोपरापर्यंतच्या हाताला ढालीसारखा आडवा येतो. डाव्या हाताला तोच कोट गुंडाळलेला. सहकाऱ्याच्या घरी एक काठी दारामागं उभी आहे. मी हातात घेऊन पाहिली. दिसते त्यापेक्षा जड आहे आणि मुठीखालचा भाग वापरानं चपटा झालाय. कुणाच्या वापरानं, ते त्याला माहीत नाही.

हे सगळं वाचताना गंमत वाटते. मलाही वाटत होती, बॅलीबनियनला जाईपर्यंत.

केरीच्या किनाऱ्यावर बॅलीबनियनजवळ कॅशेन नदी समुद्राला मिळते. 24 जून 1834, सेंट जॉनचा दिवस. आदल्या रात्री टेकड्यांवर होळ्या पेटलेल्या, आणि बॅलीव्हे नावाच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती. एका बाजूला कूलीन, दुसऱ्या बाजूला लॉलर आणि ब्लॅक मलव्हिहिल एकत्र. दोन्हीकडची मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं. कूलीन होड्यांनी नदी उतरून आले आणि तुटून पडले. सुरुवातीला सरशी त्यांचीच. मग लॉलर-मलव्हिहिलनी सावरून घेतलं, आणि संख्येनं ते जास्त होते. कूलीन पाण्याकडं रेटले गेले. होड्या थोड्या, चढणारे शेकडो. होड्या उलटल्या. पोहणाऱ्यांवर काठावरून दगड, जे कसेबसे काठाला लागले त्यांच्या डोक्यात काठ्या. वीसएक माणसं गेली, आणि त्यातली बरीच बुडून.

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. शहाणा माणूस अर्ध्या मिनिटात ओलांडेल असं पात्र वाटलं. बरोबरचा म्हणाला, "भरतीला येऊन बघ."

तर प्रश्न असा: हा खेळ होता, की सूड, की आणखी काही?

---

ओट्यावरची

दंडवत! एका दमात वाचलं. शेवटी अंगावर काटा आला.

एक शंका: हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ना? म्हणजे आपण आयर्लंड म्हटलं की तेच ऐकतो.

---

शॅननकाठी

@ओट्यावरची, हीच तर मेख आहे. दोन्हीकडचे कॅथलिक. त्याच चर्चमध्ये जाणारे, तोच पाद्री, तीच भाषा, बऱ्याचदा एकमेकांचे सोयरे. कूलीनही कॅथलिक आणि मलव्हिहिलही.

तुम्ही म्हणता तो प्रकार उत्तरेला, अल्स्टरमध्ये. तिथं त्याला ‘पार्टी फाइट’ म्हणत आणि लोक दोन्हींत फरक करायचे. 1795च्या सप्टेंबरात आर्मा परगण्यात ‘डायमंड’ नावाच्या चौकाजवळ प्रोटेस्टंट ‘पीप ओ’डे बॉइज’ आणि कॅथलिक ‘डिफेंडर्स’ यांची चकमक झाली, आणि त्यातून ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंटांची संघटना उभी राहिली. 12 जुलै 1849 ला डाउन परगण्यात डॉलीज ब्रे इथं ऑरेंज मिरवणुकीवरून माणसं मारली गेली. तिथं बंदुका होत्या. दक्षिणेत बंदूक काढणं कमीपणाचं मानत. काठीला काठी.

---

कडूकारलं

लेख छान. पण एक तक्रार आहे, आणि ती लेखकावर कमी, या विषयावर लिहिणाऱ्या सगळ्यांवर जास्त.

बैलाचं वय, कोटाचं शेपूट, काठीला लोणी. हे सगळं वाचून वाचकाला काय वाटतं? वेडी, भाबडी, दारू प्यायलेली माणसं. इंग्रजांना नेमकं हेच हवं होतं. लंडनच्या व्यंगचित्रांत आयरिश माणूस माकडतोंड्या आणि हातात शिलेली घेतलेलाच असायचा. आयर्लंडला स्वराज्य का द्यायचं नाही, तर बघा, बैलावरून मरतात.

आता कॅराव्हॅट आणि शानाव्हेस्ट यांच्याकडं बघा. 1806 ते 1811, टिपेररी, वॉटरफर्ड, किलकेनी, लिमरिक आणि कॉर्कचा काही भाग. यांच्या नावामागंही गंमतीची गोष्ट आहेच. निकोलस हॅन्ली नावाच्या माणसाला क्लॉनमेलला फाशी होणार होती. त्याचा वैरी पॉडीन गार (खरं नाव पॅट्रिक कॉनर्स) वधस्तंभासमोर उभा राहून म्हणाला म्हणे, त्याच्या गळ्यात ‘कॅराव्हॅट’ चढल्याशिवाय मी हलणार नाही. कॅराव्हॅट म्हणजे गळ्याला बांधायचा रुमाल, इथं दोरखंड. हॅन्लीचे लोक झाले कॅराव्हॅट. पॉडीन जुनं जाकीट घालायचा, जुनं म्हणजे ‘शान’, जाकीट म्हणजे ‘व्हेस्ट’, म्हणून त्याचे लोक शानाव्हेस्ट.

गोष्ट इथंच सोडली तर पुन्हा एक विनोद. पण त्या काळची कागदपत्रं चाळणाऱ्या अभ्यासकांनी कोण कुठल्या फळीत होतं ते तपासलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. कॅराव्हॅट बहुतेक मजूर, भूमिहीन, छोटी कुळं. शानाव्हेस्ट जरा बऱ्या स्थितीतले शेतकरी, दुकानदार, दारूचे गुत्तेवाले. नेपोलियनच्या लढायांमुळं धान्य आणि लोण्याचा भाव चढलेला, शेतकऱ्यांची चांदी, आणि मजुराला बटाटे लावायला जमिनीचा तुकडा हवा तर तो ‘कोनेकर’ पद्धतीनं घ्यावा लागे: एका हंगामापुरता, भाडं तोंडाला येईल ते, पीक गेलं तरी भाडं द्यायचंच. कॅराव्हॅट रात्री जाऊन भाडं कमी करा, मजुरी वाढवा, बाहेरचे मजूर आणू नका, असं धमकावत. शानाव्हेस्ट ते होऊ नये म्हणून उभे राहिले. जत्रेत भांडायचे तेव्हा घराण्यांची नावं घ्यायचे, पण भांडण मजुरीचं होतं.

तेव्हा ‘खेळ की सूड’ हे दोनच पर्याय ठेवू नका.

---

बांधावरून

वाचतोय. कोनेकर म्हणजे आमच्याकडच्या खंडानं जमीन करण्यासारखंच की.

---

शॅननकाठी

@कडूकारलं, मान्य. कॅराव्हॅटचं प्रकरण मी मुद्दाम टाळलं, कारण ते मला अर्धवटच कळलं होतं. तुम्ही नीट मांडलंत.

पण सगळं त्याच चौकटीत बसत नाही असं अजूनही वाटतं. बॅलीव्हेला कूलीन गरीब आणि मलव्हिहिल सधन असं काही सापडत नाही. दोन्हीकडं सारखीच माणसं. शिवाय लोक तीस-तीस मैल चालत येत, घरची बाई काठी हातात देत असे, आणि दुसऱ्या दिवशी फुटक्या डोक्यानं त्याच माणसाशी शेजारच्या शेतात बोलत. टिपेररीच्या कॅराव्हॅटचं वर्णन केरीच्या वाळूवर लावता येईल का?

---

कडूकारलं

नाही लावता येणार, आणि मी तसं म्हणतही नाही. माझं म्हणणं एवढंच की ‘निव्वळ मौज’ असं म्हणण्याआधी खिशात हात घालून बघा. सगळीकडं सापडेलच असं नाही.

---

मोडीवाचक

कडूकारलं यांनी 1806 ते 1811 म्हटलं म्हणून एक जोड देतो. आपल्या लोकांना रस वाटेल.

त्याच काळात, एप्रिल 1807 ते एप्रिल 1809, डब्लिनच्या किल्ल्यात आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी म्हणून कोण बसला होता? आर्थर वेलस्ली. आपला असईचा वेलस्ली. 23 सप्टेंबर 1803 असई, 29 नोव्हेंबर आडगाव, 15 डिसेंबर गाविलगड, तोच. जन्म डब्लिनचाच, 1769. दख्खनमध्ये शिंदे-भोसल्यांचा मोड करून हा गृहस्थ मायदेशी परतला आणि पुढ्यात आले कॅराव्हॅट. त्याच्याच कारकिर्दीत 1807 चा इन्सरेक्शन ॲक्ट झाला. एखादा परगणा अशांत जाहीर केला की सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला सात वर्षं काळ्या पाण्यावर धाडता येई. मध्ये 1808 मध्ये तो पोर्तुगालला जाऊन लढाया जिंकूनही आला, खुर्ची न सोडता.

जालना जिल्ह्यात असईला ज्यांनी ती रणभूमी पाहिली असेल त्यांना कळेल, तिथंही नदी आहे आणि तिथंही उतार कुठं मिळतो यावर दिवस ठरला. कॅशेनचं वाचताना केळणा-जुई आठवल्या, इतकंच. बाकी साम्य काढू नये.

---

हवालदारपुत्र

मोडीवाचकांनी वेलस्ली काढला, मग मी पोलीस काढतो. वडील खात्यात होते, म्हणून हा माझा जुना नाद.

1814 मध्ये रॉबर्ट पील चीफ सेक्रेटरी असताना त्यानं अशांत भागांसाठी ‘पीस प्रिझर्व्हेशन फोर्स’ काढला, आणि तो सगळ्यात आधी उतरला तो टिपेररीतच. पीलवरून लोक त्यांना ‘पीलर’ म्हणू लागले. 1822 मध्ये परगणावार शिपाई आले, 1836 मध्ये सगळे एका छत्राखाली आणले. तीच आयरिश कॉन्स्टॅब्युलरी. लंडनच्या पोलिसांसारखी नव्हती: बंदूकधारी, बराकीत राहणारी, शिपायाला स्वतःच्या परगण्यात नेमायचं नाही, म्हणजे फळीत ओढला जाणार नाही.

आता आपल्याकडचा धागा. 1843 मध्ये सिंध घेतल्यावर चार्ल्स नेपियरनं तिथं पोलीस उभे केले ते आयरिश नमुन्यावर. सिंध पुढं मुंबई इलाख्याला जोडलं गेलं, आणि 1850च्या दशकात इलाख्याच्या पोलिसांची फेररचना करताना सिंधचा नमुना समोर होता. म्हणजे टिपेररीच्या जत्रेतली काठी फिरत फिरत सातारा-नगरच्या कचेरीपर्यंत आली म्हणायला हरकत नाही.

आणि एक. दंडाधिकारी या मारामाऱ्यांकडं काणाडोळा करतात असा आरोप तेव्हाही व्हायचा. आपसात भांडतायत तोवर जमीनदाराच्या दारात येत नाहीत ना, मग भांडू द्या. बॅलीव्हेलाही शासनाची माणसं होती आणि त्यांच्या देखत ते घडलं. कोर्टात तर साक्ष द्यायला कुणी तयारच नसे. ज्याचा हात मोडला तोसुद्धा म्हणे घोड्यावरून पडलो.

---

ओट्यावरची

घोड्यावरून पडलो 😀 हे आमच्या गल्लीत ‘बाथरूममध्ये घसरलो’ असतं.

बायका काय करायच्या? ‘घरची बाई काठी हातात देत असे’ एवढंच वाचलं. तेवढ्यावर भागणार नाही.

---

शॅननकाठी

बायका भरपूर करायच्या. एक म्हणजे दगडांचा पुरवठा: एप्रनच्या ओच्यात भरून आणायच्या आणि मागं उभ्या राहून पुरवायच्या. दुसरं म्हणजे मोज्यात दगड घालून तो गोफणीसारखा फिरवायच्या आणि थेट गर्दीत शिरायच्या. पुरुषानं बाईवर काठी उगारायची नाही असा दंडक होता, त्यामुळं मोजेवाली बाई ही सगळ्यात धोकादायक चीज. तिला फक्त दुसऱ्या बाजूची मोजेवालीच अडवू शके.

घराच्या माळ्यावर कुणी जुना लोकरीचा मोजा दाखवला तर काठीपेक्षा तो बघायला मला जास्त आवडेल.

---

मेपलखालचा

मी ओंटारिओतल्या लंडनजवळ राहतो. (हो, दुसरं लंडन. दर दिवाळीला फोनवर हे समजवावं लागतं.) इथून उत्तरेला अर्ध्या तासावर ल्यूकन नावाचं गाव आहे. टिपेररीचे बरेच लोक तिथं येऊन वसले आणि भांडणं बोचक्यात बांधूनच आले. 4 फेब्रुवारी 1880 च्या पहाटे डोनेली कुटुंबाच्या घरावर जमाव चालून गेला. आई-बाप, दोन मुलगे, एक पुतणी, पाच जण मारले. मारणारेही बहुतेक आयरिश कॅथलिक शेजारीच. खटले झाले, शिक्षा कुणालाच झाली नाही. मी गेलोय त्या दफनभूमीत. बर्फात चालायला त्रास झाला म्हणून थोडक्यात आटपलं, पण दगडावर पाचही नावं आणि एकच तारीख बघून थबकायला होतं.

अमेरिकेतही बघा. 1834 च्या जानेवारीत, म्हणजे बॅलीव्हेच्या पाच महिने आधी, मेरिलँडमध्ये चेसापीक-ओहायो कालव्याच्या खोदकामावर कॉर्कचे मजूर आणि लाँगफर्डकडचे मजूर भिडले. कामं कमी, पगार थकलेले, कुठल्या टोळीला काम मिळणार यावरून. माणसं मेली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं फौज पाठवली. मजुरांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारनं सैन्य उतरवण्याची ती पहिलीच वेळ मानतात.

कडूकारलं, हे तुमच्या खात्यात जमा करा.

---

कडूकारलं

जमा केलं. व्याजासकट.

---

चष्मिष्ट

अवांतर: इंग्रजीत दंगलीला ‘डॉनीब्रुक’ म्हणतात ते डब्लिनच्या डॉनीब्रुक जत्रेवरून ना? हॉकीच्या कॉमेंट्रीत ऐकलंय.

---

शॅननकाठी

हो, तेच. 1204 मध्ये किंग जॉननं दिलेल्या सनदेची जत्रा, साडेसहाशे वर्षं चालली. शेवटी दारू आणि मारामारीला वैतागलेल्या लोकांनी वर्गणी काढून जत्रेचा हक्कच विकत घेतला आणि 1855 मध्ये ती बंद पाडली. आता तिथं महागडी घरं आणि रग्बीचं मैदान आहे.

---

ओट्यावरची

पण मग हे थांबलं कसं? पोलिसांनी थांबवलं?

---

शॅननकाठी

पोलिसांचा हात आहेच, पण एकट्यांचा नाही. माझ्या मते आधी डॅनियल ओ’कॉनेल. हा केरीचा वकील, कॅथलिकांना पार्लमेंटात बसू द्या म्हणून चळवळ उभी केली. 1828 मध्ये क्लेअरची पोटनिवडणूक लढवली तेव्हा एनिस गावात हजारोंची गर्दी लोटली होती आणि पाद्र्यांनी शपथ घातली होती: दारूचा थेंब नाही, काठी नाही. सरकार दंगलीची वाट बघत बसलं आणि दंगल झालीच नाही. त्याच वर्षी टिपेररीत जुन्या फळ्यांनी समेट केले आणि हिरवे कपडे घालून एकत्र संचलनं केली. ज्या माणसांना ओळीत उभं राहायची सवय म्होरक्यांनी लावली होती ती माणसं आता ओ’कॉनेलच्या ओळीत उभी राहिली. सरकारला हे मारामारीपेक्षा जास्त झोंबलं. पुढच्याच वर्षी, 1829 मध्ये, कॅथलिकांना पार्लमेंटात बसू देणारा कायदा झाला.

मग 1838 पासून कॉर्कचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांची दारूबंदीची लाट. लाखो लोकांनी शपथ घेतली.

मात्र 1828 मध्ये समेट झाले आणि 1834 मध्ये बॅलीव्हे झालं, हे विसरून चालत नाही. समेटाची शपथ सगळीकडं पोचली नव्हती, किंवा पोचून विरली होती.

---

कडूकारलं

ओ’कॉनेल, मॅथ्यू, पोलीस, सगळं खरं. पण यादीत एक नाव राहिलं. बटाटा.

1841 च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या जवळपास 82 लाख. 1845 ला बटाट्यावर करपा आला. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाख मेले, दहा लाखांहून अधिक जहाजात बसले. आणि कोण मेलं? कोनेकरवाला मजूर. कॅराव्हॅटची नातवंडं. ज्या आळीतून पन्नास काठ्या निघायच्या ती आळीच उरली नाही. उरले ते तीस-चाळीस एकरवाले शेतकरी, त्यांना जत्रेत गुरं विकून संध्याकाळच्या आत घरी जायचं होतं.

त्यानंतरही इथं-तिथं धुगधुगी राहिली. टिपेररीत कॅपावाइटला 1887 मध्ये झालेली लढाई शेवटची असं म्हणतात. पण हजारांचे जमाव 1845 च्या आधीचे. नंतर हजार माणसं आणायची कुठून?

---

शॅननकाठी

यावर काही बोलता येत नाही. लिमरिकच्या बाहेर गाडी काढली की गवताखाली अजून उंचवटे दिसतात, समांतर, एकामागून एक. बटाट्याच्या वाफ्यांचे. पहिल्यांदा मला ते टेकडीचे थर वाटले होते.

---

मोडीवाचक

🙏

---

बांधावरून

सगळे इतिहासात शिरले, मूळ भांडण कुणीच सोडवलं नाही. बैल किती वर्षांचा?

आमच्याकडं तीन पिढ्या बैलाचा व्यवहार. वय तोंड उघडून बघतात. दुधाचे दात असेपर्यंत आदत. दोन वर्षांच्या आगंमागं समोरचे दोन पडून पक्के येतात, तो दोनदाती. मग चारदाती, मग सहादाती, आणि साधारण चार-साडेचारला आठही आले की जुळला. खालच्याच जबड्याचे बघायचे, वर पुढं दात नसतातच.

आता घोळ बघा. सहादाती जनावर तीनचंही असू शकतं आणि पावणेचारचंही. चारा भारी मिळाला तर लवकर दात टाकतं, ओढग्रस्तीत वाढलं तर उशिरा. कोपऱ्यातला दात अर्धा वर आलेला असला तर एक म्हणणार आलाय, दुसरा म्हणणार नाही. दोघंही खोटं बोलत नसतात. माझ्या आज्यानं असाच एक बैल हेड्याच्या तोंडावर परत नेला होता, पाच मैल चालवत. त्या हेड्याशी आम्ही आजपण बोलत नाही. मारामारी नाही केली, पण बोलतही नाही.

बरं, व्यवहार कसा करतात तिकडं? आमच्याकडं रुमालाखाली बोटं धरतात, बाजूच्याला भाव कळत नाही. आणि मुद्दा हा: विकणारा कोण होता, तीन म्हणणारा का चार म्हणणारा? कामाला न्यायचा असंल तर विकणारा वय कमीच सांगणार. खाटकाला द्यायचा असंल तर उलटं, भरलेला आहे म्हणून वाढवून सांगंल. तेवढं कळलं तर सांगतो खोटं कोण बोलत होतं.

---

शॅननकाठी

@बांधावरून, अख्ख्या धाग्यात सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

व्यवहार उघड्यावर. दोघंही हट्टाला पेटतात, मग मधला एक दलाल दोघांचे हात ओढून एकमेकांवर आपटायला लावतो, बऱ्याचदा तळहातावर थुंकून. हात बसला की सौदा पक्का. मग विकणारा घेणाऱ्याला थोडे पैसे परत देतो, शकुनाचे, ‘लक पेनी’. ते किती द्यायचे यावरून पुन्हा भांडण.

गुरं मुख्यतः मांसासाठी आणि इंग्लंडला पाठवायला. औताला घोडे. म्हणजे तुमच्या हिशोबानं विकणारा चार म्हणणारा असावा.

आज दुपारी सहकाऱ्याला दातांचं सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग विकणारा कोण ते आजेसासऱ्यांना माहीत असेल म्हणाला आणि तिथंच फोन लावला. म्हातारबाबा नव्वदीचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आदत, दोनदाती, सहादाती, कोपऱ्यातला दात. मग म्हणाले, "त्या भारतीय पोराला सांग, चार वर्षांचा होता." आणि फोन ठेवला.